नव्या ओटीत नायट्रसची पाइपलाइन घालावी का? भुलीच्या वायूंची गळती आणि हिशेब

नवी_इमारत
तालुक्याच्या गावी ५० खाटांच्या रुग्णालयाची नवी इमारत होते आहे. दोन ओटी (ऑपरेशन थिएटर), एक लेबर रूम, सहा खाटांचं आयसीयू. गॅस पाइपलाइनचं कोटेशन आलंय: ऑक्सिजन, व्हॅक्युम आणि नायट्रस ऑक्साइड (भुलीचा वायू). नायट्रससाठी ४ अधिक ४ मोठ्या सिलिंडरचा मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडून पाइपलाइनला वायू देणारी मांडणी), दोन्ही ओटींत दोन-दोन आउटलेट, लेबर रूममध्ये एक. मेडिकल एअर (दाबाने पुरवलेली शुद्ध हवा) 'ऐच्छिक' म्हणून खाली टाकली आहे. इमारत पर्यावरणाच्या दृष्टीने चांगली व्हावी असं विश्वस्तांना मनापासून वाटतं. गच्चीवर सोलर ठरलंच आहे. भूलतज्ज्ञांचं म्हणणं असं की आधी ही नायट्रसची लाइन रद्द करा.
महिन्याला पूर्ण भुलीच्या साधारण ६० केसेस होतील, सरासरी दीड तासाच्या. बाकी स्पायनल (कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल). लाइन नको म्हणायचं तर विश्वस्तांपुढे कारण आकड्यांत मांडावं लागेल.

मंदश्वास
तुमच्या भूलतज्ज्ञांचं बरोबर आहे. आकडे घ्या.
प्रत्येक केसला मिनिटाला १ लिटर नायट्रस दिला असं धरू. ६० केसेस, ९० मिनिटं, म्हणजे महिन्याला ५,४०० लिटर. एक किलो नायट्रसचा वायू होतो साधारण ५४५ लिटर. म्हणजे रुग्णांना लागणारा नायट्रस महिन्याला १० किलो. मोठ्या सिलिंडरमध्ये ३० किलोच्या आसपास असतो. ४ अधिक ४ म्हणजे २४० किलो सतत जोडून ठेवणार. दोन वर्षं पुरेल एवढा साठा, आणि तो दर सांध्यातून थोडाथोडा निसटत राहणार.
नायट्रस हवेत शंभराहून अधिक वर्षं टिकतो, तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट धरला जातो, शिवाय ओझोनचा थर झिजवतो. ३० किलोचा एक सिलिंडर गळून गेला तर तो ८.२ टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. ग्रिडच्या विजेमागे युनिटला ०.७ किलो धरला तर हे ११,७०० युनिट विजेएवढं झालं. ८ किलोवॉटची सौर यंत्रणा वर्षभर राबून साधारण तेवढी वीज देते. सोलर जरूर करा, पण त्याच इमारतीत हा मॅनिफोल्ड बसवला तर गच्चीवर कमावलेलं मागच्या खोलीत जाईल.

पाना_नंबर_१७
बायोमेडिकलच्या बाजूने लिहितो. नायट्रस कुठून गळतो ते क्रमाने सांगतो, कारण लोक ओटीत शोधतात आणि गळती असते मॅनिफोल्डच्या खोलीत.
सर्वांत जास्त गळती सिलिंडर आणि मॅनिफोल्ड यांना जोडणाऱ्या पिगटेलच्या सांध्यावर. दर वेळी सिलिंडर बदलताना जुनाच वॉशर दाबून बसवला जातो, तो चपटा झालेला असतो. मग नट पान्याने अजून आवळतात, आटे जातात. दुसरी जागा रेग्युलेटरचा डायफ्रॅम आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. तिसरी भिंतीवरचं आउटलेट, आतली ओ-रिंग कडक होते. चौथी मशीनची होज आणि प्रोब. ब्रेझिंग नीट केलेला तांब्याचा सांधा सहसा गळत नाही.
गळती वर्षानुवर्षं कळत नाही याचं कारण गेज. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होत जातो तसा काटा उतरत जातो. नायट्रस आत द्रवरूप असतो, त्यामुळे द्रव शिल्लक आहे तोवर काटा २० अंशांना ५० बारच्या आसपास तसाच राहतो. पाऊण सिलिंडर गेला तरी काटा जागेवर. उन्हाळ्यात उलटाच घोळ: ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही, म्हणून विदर्भात दुपारी काटा वर चढतो आणि सिलिंडर भरलेला वाटतो.
म्हणून नायट्रस मोजायचा तो वजनकाट्यावर. रिकाम्या सिलिंडरचं वजन खांद्यावर कोरलेलं असतं, ते वजा करा.

इस्पितळाचा_हिशेबनीस
सध्याच्या जुन्या ओटीत पाइपलाइन असेल तर गळती किती आहे हे कसं काढायचं? दर महिन्याला सिलिंडर बदलले जातात, कुणी हिशेब विचारत नाही.

पाना_नंबर_१७
दोन चाचण्या, आणि दोन्ही लागतात.
पहिली: शेवटची केस संपल्यावर, कुठेही नायट्रस चालू नाही याची सिस्टरांकडून खात्री करून, मॅनिफोल्डच्या पुढचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. अलार्म पॅनेलवरचा दाब लिहा (४ बारच्या आसपास असेल), वेळ आणि खोलीचं तापमानही लिहा. सकाळी पहिल्या केसच्या आधी पुन्हा वाचा. तापमान १० अंशांनी उतरलं तर दाब नुसत्या थंडीने ०.१७ बार उतरतो, तेवढा सोडून द्या. बाकी उतरला असेल ती गळती. वाचून झाल्यावर व्हॉल्व्ह उघडायला विसरू नका, त्याच्यावर तशी पाटी लावूनच जा.
उदाहरण देतो. १५ मिमीची १०० मीटर नळी असेल तर तिच्यात साधारण १४.५ लिटर जागा. दहा तासांत दाब एक बारने उतरला, तर गेले १४.५ लिटर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाला ३५ लिटर, वर्षाला १२,७०० लिटर, म्हणजे २३ किलो. ओटीत वासही येत नाही, आवाजही येत नाही.
दुसरी चाचणी महत्त्वाची, कारण पहिलीत व्हॉल्व्हच्या मागची उच्च दाबाची बाजू येतच नाही. जोडलेल्या सगळ्या सिलिंडरांचं वजन शनिवारी रात्री आणि सोमवारी सकाळी करा, मध्ये एकही केस नसताना. वजन घटलं तर तो नायट्रस कुठल्याच रुग्णाला मिळालेला नाही. मग साबणाचं पाणी घेऊन सांधा-सांधा पाहा. साबण साधा आणि तेलकट नसलेला घ्या. नायट्रस ऑक्सिजनसारखाच आग भडकवतो, म्हणून त्या सांध्यांना तेल-ग्रीस लागता कामा नये.
हिशेबनीसांचं काम तिसरं: वर्षाचे खरेदी केलेले किलो आणि भुलीच्या नोंदींवरून काढलेले वापराचे किलो शेजारी-शेजारी मांडा. एडिंबराच्या रुग्णालयांत हेच केलं तेव्हा कळलं की पाइपलाइनमधला बहुतेक नायट्रस रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. तिथून ब्रिटनभर मॅनिफोल्ड बंद करायला सुरुवात झाली.

हिरवा_गाऊन
एक शंका. ओटीत स्कॅव्हेंजिंग (भुलीच्या मशीनमधून बाहेर पडणारा वायू ओढून नेणारी यंत्रणा) असलं की झालं ना? वाया गेलेला वायू त्यात ओढला जातो.

मंदश्वास
ओढला जातो आणि गच्चीवर सोडला जातो. ओटीत काम करणाऱ्यांसाठी स्कॅव्हेंजिंग हवंच, विशेषतः गरोदर सिस्टरांसाठी. नायट्रस बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो, त्यामुळे रोज तो श्वासात जाणं चांगलं नाही. पण स्कॅव्हेंजिंग वायू नष्ट करत नाही. कोळशाच्या डब्यात सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलीचे दुसरे वायू शोषले जातात, नायट्रस त्यातूनही निघून जातो. आणि मॅनिफोल्डच्या खोलीतली गळती स्कॅव्हेंजिंगच्या वाटेला येतच नाही.

जुना_बॉइल
तीस वर्षं नायट्रस वापरणाऱ्यांच्या वतीने आक्षेप नोंदवतो. नायट्रस स्वस्त आहे, वेदना कमी करतो, सेव्होफ्लुरेन कमी लागतं. लहान मुलांना मास्कवर झोपवताना उपयोगी आहे. तालुक्याच्या ठिकाणी नायट्रस काढून घेतलात तर ऑक्सिजनमध्ये मिसळायचं काय? मेडिकल एअर नाही. मग सगळ्यांना शंभर टक्के ऑक्सिजन? त्याने फुप्फुसाचे कोपरे मिटतात, आणि मानेच्या-तोंडाच्या शस्त्रक्रियेत कॉटरी (विजेने कापण्या-जाळण्याचं उपकरण) चालू असताना आगीचा धोका वेगळा.

मंदश्वास
सर, खरी अडचण हीच आहे, आणि 'नायट्रस बंद करा' सांगणारे बरेच जण हिला बगल देतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नायट्रस चालतो तो वेदनाशामक म्हणून कमी आणि ऑक्सिजन पातळ करायला जास्त. म्हणून नवी_इमारत यांना माझा आग्रह: कोटेशनमधलं 'ऐच्छिक' उलटं करा. मेडिकल एअर आवश्यक, नायट्रसची लाइन रद्द.
वेदनेसाठी फेंटानिल, पॅरासिटामॉल, ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन) आहेत. आतड्याचा अडथळा, न्यूमोथोरॅक्स, कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया यांत नायट्रस तसाही देत नाही, बंद पोकळीत शिरून तो ती फुगवतो. उलट्यांचा त्रासही वाढतो. मुलांसाठी हवा असेल तर मशीनच्या मागे योकवर (सिलिंडर अडकवायच्या चौकटीवर) लावायचा छोटा सिलिंडर पुरे. त्यात साधारण ३ किलो, म्हणजे १,६०० लिटर. मिनिटाला १ लिटरने २७ तास. तुमचा सगळा हिशेब महिन्याला तीन-चार छोट्या सिलिंडरांत बसतो.

पाना_नंबर_१७
एअर घेताना काय पाहायचं: ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, एकाऐवजी दोन (एक बंद पडला तर दुसरा), पुढे ड्रायर आणि फिल्टर. ड्रायरवर पैसे वाचवू नका. पावसाळ्यात कोकणपट्टीत हवेतलं पाणी लाइनमध्ये साचतं, तिथून थेट व्हेंटिलेटरच्या व्हॉल्व्हमध्ये जातं आणि मशीन बिघडतं. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती जागा जनरेटरच्या धुराड्यापासून आणि व्हॅक्युमच्या निकासापासून दूर असावी.
बजेटच नसेल तर एअरचाही छोटा सिलिंडर योकवर चालतो, साधारण ६०० लिटरचा. मिनिटाला अर्धा लिटर घेतला तर २० तास. पण आधी मशीनचं पुस्तक उघडून व्हेंटिलेटरचा ड्राइव्ह गॅस कोणता ते पाहा. घुंगरासारखा वरखाली होणारा बेलोज असेल तर त्याला ढकलायलाच मिनिटाला ६ ते ८ लिटर वायू लागतो. तो एअरवर सेट असला तर सिलिंडर दीड तासात संपेल. ड्राइव्ह ऑक्सिजनच्या पाइपलाइनवर ठेवा. नवं मशीन घेत असाल तर पिस्टन किंवा टर्बाइनचं मागा, त्याला ड्राइव्ह गॅस लागतच नाही.
योकवरच्या पिना तपासा (चुकीचा सिलिंडर बसू नये म्हणून प्रत्येक वायूच्या पिनांच्या जागा ठरलेल्या असतात): ऑक्सिजन २-५, नायट्रस ३-५, एअर १-५. झिजलेली किंवा उपटलेली पिन दिसली तर ते मशीन वापरातून काढा, कुणी कितीही घाई करो.

ओटी_सिस्टर
छोटा सिलिंडर आला की त्याचे नियम आमच्याकडे येतात, म्हणून लिहिते. केस संपली की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, नुसता मशीनवरचा फ्लो शून्य करून चालत नाही. उघडा राहिला तर योकच्या वॉशरमधून रात्रभर गळतो. व्हॉल्व्हची चावी मशीनला साखळीने बांधून ठेवा, नाहीतर ती हरवते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. दर नव्या सिलिंडरला नवा वॉशर, एकच. दोन वॉशर घालून गळती थांबवायची सवय असेल तर ती मोडा, दोन वॉशरमुळे पिना पूर्ण बसत नाहीत आणि चुकीचा सिलिंडरही बसू शकतो. सिलिंडर उभाच ठेवा.
दर सोमवारी वजन करून मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहायचं. वॉर्डबॉयला 'गेज बघून सांग' म्हणू नका, वर पाना_नंबर_१७ यांनी कारण दिलंच आहे.

मंदश्वास
आता सेव्होफ्लुरेन, कारण नायट्रस काढून फ्लो (मिनिटाला सोडला जाणारा ताजा वायू) ६ लिटरवरच ठेवला तर काम अर्धंच होईल.
खपाचं सूत्र सोपं आहे: तासाला मिलिलिटर = ३ × फ्रेश गॅस फ्लो × व्हेपोरायझरच्या (द्रव औषधाचा वायू करणाऱ्या डब्याच्या) डायलवरचे टक्के. ६ लिटर आणि २ टक्के म्हणजे तासाला ३६ मिली. १ लिटर आणि २ टक्के म्हणजे ६ मिली. २५० मिलीची बाटली एकीकडे सात तासांत संपते, दुसरीकडे ४१ तास पुरते. रुग्णाच्या मेंदूत पोचणारं औषध जवळपास तेवढंच, उरलेलं गच्चीवर.
पद्धत: सुरुवातीला ५ ते १० मिनिटं ४-६ लिटर, सर्किट (मशीन आणि रुग्ण यांच्यामधल्या नळ्या) भरेपर्यंत. नळी घालताना मास्क काढला की व्हेपोरायझर बंद करू नका, फ्रेश गॅस बंद करा. सर्किटमधला वायू सर्किटमध्येच राहतो, ओटीत पसरत नाही. नळी जागेवर बसली की लगेच फ्लो पुन्हा चालू. मग १ लिटर, मॉनिटर चांगला असेल तर अर्धा. फ्लो कमी असताना डायल वाढवला तरी परिणाम सावकाश दिसतो. घाईत खोली वाढवायची तर थोडा वेळ फ्लोही वाढवा. शेवटी व्हेपोरायझर दहा-पंधरा मिनिटं आधी बंद करून कमी फ्लोवरच राहा, आणि शेवटच्या टाक्याला फ्लो वाढवा.
कुठे चुकतं: ऑक्सिजनच्या प्रमाणात. फ्लोमीटरवर ०.३ ऑक्सिजन आणि ०.७ एअर लावलं तर मिश्रणात ४५ टक्के ऑक्सिजन आहे असं वाटतं. पण रुग्ण मिनिटाला २५० मिली ऑक्सिजन वापरतो, उरलेला वायू फिरत राहतो आणि सर्किटमधलं प्रमाण घसरत २६ टक्क्यांच्या आसपास येतं. १ लिटरला निम्मं-निम्मं ठेवा, मग ४५ च्या पुढे राहतं. सर्किटमधला ऑक्सिजन, एंड-टायडल (श्वास सोडण्याच्या शेवटचा) कार्बन डायऑक्साइड आणि एजंट (भुलीचा वायू), हे तिन्ही मॉनिटर नसतील तर कमी फ्लोच्या वाटेला जाऊ नका. पर्यावरणासाठी रुग्णाचा ऑक्सिजन धोक्यात घालायचा नाही, हे मी कुठल्याही निवासी डॉक्टरला पहिल्या दिवशी सांगेन.

जुना_बॉइल
आणि बेन सर्किट (ज्यात कार्बन डायऑक्साइड शोषला जात नाही असं साधं सर्किट) असेल तर हे सगळं लागू नाही. त्यात किलोमागे मिनिटाला ७०-१०० मिली लागतातच, कमी केलं तर रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड ओढतो. सर्कल ॲब्सॉर्बर (कार्बन डायऑक्साइड शोषून तोच वायू पुन्हा फिरवणारं सर्किट) लागेल. एअरबद्दलचं म्हणणं पटलं. लाइन न घालता छोटा सिलिंडर ठेवायला माझी हरकत नाही.

ओटी_सिस्टर
सोडालाइमबद्दल (ॲब्सॉर्बरमधले कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) दोन ओळी. नुसत्या रंगावर जाऊ नका, रात्रभर ठेवला की रंग परत फिरतो आणि सकाळी ताजा दिसतो. मॉनिटरवर श्वास आत घेतानाचा कार्बन डायऑक्साइड शून्यावरून वर उचलला की बदला. शनिवारी ऑक्सिजनचा फ्लो चालू राहिला तर सोमवारी सोडालाइम कोरडा ठणठणीत असतो, आणि कोरड्या सोडालाइमवर भुलीचे वायू गेले की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. अशा वेळी रंग न बघता पूर्ण डबा बदला.

इस्पितळाचा_हिशेबनीस
डेसफ्लुरेन या भुलीच्या वायूचं काय? प्रतिनिधी येऊन सांगून जातात की रुग्ण लवकर जागा होतो.

मंदश्वास
घेऊ नका. १ लिटर फ्लोवर ६ टक्के डेसफ्लुरेन म्हणजे तासाला १८ मिली, वजनाने २६ ग्रॅम. त्याचा तापमानवाढीचा गुणक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) २,५००च्या पुढे, म्हणजे तासाला ६५ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइडएवढं. सेव्होफ्लुरेन त्याच फ्लोवर दोन किलोच्या आत. स्कॉटलंडने २०२३ मध्ये ते थांबवलं, इंग्लंडने २०२४ मध्ये, आणि युरोपीय संघात १ जानेवारी २०२६ पासून अगदी वैद्यकीय गरज असेल तरच. वेगळं, गरम होणारं व्हेपोरायझर लागतं, त्याचा खर्च निराळा.

एएचयू_मित्र
विषय वायूंचा आहे, पण नवी इमारत आहे म्हणून सांगतो. ओटीचा एएचयू (हवा गाळून, गार करून आत सोडणारं यंत्र) तासाला साधारण २० वेळा हवा बदलतो आणि बहुतेक ठिकाणी तो रिकाम्या ओटीतही रात्रभर त्याच वेगाने चालतो. पंख्याच्या मोटारीला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) घ्या. वेग निम्मा केला तर वीज हिशेबाने आठव्या हिश्श्यावर येते. बंद मात्र करू नका. ओटीत बाहेरच्यापेक्षा दाब किंचित जास्त राहिला पाहिजे, नाहीतर कॉरिडॉरची हवा आत येते. भिंतीवर दाब दाखवणारं मीटर लावा. केसच्या अर्धा तास आधी पूर्ण वेग. तातडीच्या सिझेरियनसाठी बटण ओटीच्या दारातच हवं, इलेक्ट्रिशियनच्या खोलीत नको.

हिरवा_गाऊन
ओटीतल्या कचऱ्यासाठीही एक साधी गोष्ट: रुग्ण आत येण्याआधी ट्रॉली लावताना निघालेली वेष्टनं, पुठ्ठे, कागद यांची पिशवी वेगळी बांधून बाहेर काढा. तो साधा कचरा. रुग्ण आल्यावर तीच वेष्टनं पिवळ्या पिशवीत जातात आणि भट्टीत जळतात. सलाईनच्या नळ्या, युरिन बॅग, हातमोजे लाल पिशवीत. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते ऑटोक्लेव्ह करून, तुकडे करून पुनर्वापराला जातात. तेच पिवळ्यात पडले तर पीव्हीसी जळून डायॉक्सिन होतात.

नवी_इमारत
सगळ्यांचे मनापासून आभार. सुधारित मागणी अशी लिहिली आहे: नायट्रसचा मॅनिफोल्ड, नळी, आउटलेट रद्द. मेडिकल एअर दोन कॉम्प्रेसरसह. प्रत्येक मशीनला नायट्रसचं योक आणि दोन छोटे सिलिंडर. वजनकाटा. सर्कल ॲब्सॉर्बर आणि एजंट मॉनिटर. कंत्राटदार म्हणतो, 'भविष्यात लागेल म्हणून नायट्रसची रिकामी नळी भिंतीत घालून ठेवतो, जादा पैसे नाही.' घालू द्यावी का?

पाना_नंबर_१७
अजिबात नाही. भिंतीतली रिकामी, नाव नसलेली नळी दहा वर्षांनी कुणीतरी ऑक्सिजनची समजून जोडतो. अशा अदलाबदलीत माणसं दगावली आहेत. पेंडंटवर (छताला टांगलेल्या आउटलेटच्या खांबावर) नायट्रसच्या आउटलेटसाठी भोकं पाडलेली असतील तर ती कोऱ्या पट्टीने बंद करून घ्या, आणि अलार्म पॅनेलमधून नायट्रसचा दिवा काढायला सांगा, नाहीतर तो कायम लाल राहील आणि लोक सगळ्याच लाल दिव्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतील.
ताबा घेताना सही करण्याआधी ऑक्सिजन ॲनालायझर हातात घेऊन स्वतः प्रत्येक आउटलेटवर जा. ऑक्सिजनवर सिलिंडरचा पुरवठा असेल तर १०० च्या जवळ, पीएसए प्लांट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा) असेल तर ९३ च्या आसपास. एअरवर २१. एकाच वेळी एकच लाइन चालू ठेवून बाकीच्या बंद करा आणि बंद असलेल्या आउटलेटमधून काही येत नाही हेही पाहा. आकडा, आउटलेटचा क्रमांक आणि तारीख कागदावर, कंत्राटदाराची सही त्याच कागदावर.